सबुरीची शर्यत

रमजानच्या दिवसांत वर्सोव्याची चौपाटी असरच्या नमाजनंतर वेगळी दिसते. ओहोटी असेल तर पाण्यालगतची ओली वाळू घट्ट बसलेली असते आणि तिच्यावरून नेहमीचे धावणारे जात असतात. कोळीवाड्याच्या बाजूला बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत असतात. खाडीपलीकडच्या मढला जाणाऱ्या फेरीबोटीची रांग असते. यारी रोडवर खजूर, कलिंगड आणि भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमू लागते. धावणाऱ्यांमध्ये काही रोजेदारही असतात. ते जोरात धावत नाहीत. घड्याळाकडे बघत, इफ्तारला अर्धा-पाऊण तास असताना थोडं पळतात, थोडं चालतात.

ओल्या वाळूवरून बाजूच्या कोरड्या वाळूवर पाय पडला की लगेच फरक कळतो. टाच रुतते, पोटऱ्या भरून येतात आणि शंभर पावलांत दम लागतो. आता अशीच कोरडी वाळू, पण डोंगराएवढ्या टेकड्यांची. पाठीवर आठवडाभराचं अन्न. माथ्यावर पन्नास अंशांकडे झुकणारं ऊन. आणि अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोरोक्कोच्या दक्षिणेला, सहारा वाळवंटात दरवर्षी अशी शर्यत होते. तिचं नाव ‘मॅराथॉन दे साब्ल’, म्हणजे वाळूची मॅरेथॉन.

अडीचशे किलोमीटर हा आकडा मराठी माणसाला नवा नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणारी माऊलींची पालखी साधारण एवढंच अंतर चालते. वारीला त्यासाठी जवळपास तीन आठवडे लागतात. वाटेत गावोगावी पाणी, भाकरी, पाय चेपून देणारे हात असतात. वाळवंटातल्या शर्यतीत हेच अंतर सुमारे आठवडाभरात, टप्प्याटप्प्यानं कापायचं असतं आणि वाटेत गाव जवळजवळ नसतंच. त्यातला सर्वांत लांब टप्पा ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोचा मार्ग साडेअकरा किलोमीटरांच्या आत आहे. तो एका दमात सात वेळा पायी कापण्यासारखं हे काम. बरेच जण हा टप्पा संपवेपर्यंत रात्र उलटून जाते. डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात ते चालत राहतात.

पाण्याचा हिशेब

या शर्यतीची सुरुवात एका माणसाच्या एकट्या चालण्यातून झाली. पॅट्रिक बोअर हा फ्रेंच तरुण १९८४ मध्ये सहारात एकटा निघाला. पाठीवर अन्न-पाणी घेऊन त्यानं बारा दिवसांत सुमारे ३५० किलोमीटर अंतर कापलं. जे आपण अनुभवलं ते इतरांनाही अनुभवता यावं, या ध्यासातून १९८६ मध्ये पहिली शर्यत झाली. तेव्हा धावणारे होते अवघे तेवीस. पुढे जगभरातून हजाराच्या आसपास माणसं येऊ लागली.

या शर्यतीचे नियम पाहिले तर ती पळण्याची कमी आणि हिशेबाची जास्त वाटते. धावणाऱ्यानं आपलं अन्न आपणच वाहायचं आणि ते रोज किमान दोन हजार कॅलरी पुरेल इतकं हवं. पाठीवरच्या पिशवीचं वजन, पाणी वगळून, साडेसहा किलोपेक्षा कमी नको आणि पंधरापेक्षा जास्त नको. होकायंत्र, शिट्टी, चाकू, इशाऱ्यासाठी आरसा, सापा-विंचवाचं विष ओढून काढण्याचा छोटा पंप या वस्तू जवळ असायलाच हव्यात. पाणी मात्र आयोजक देतात. वर्षानुवर्षे पद्धत अशी होती की गळ्यातल्या कार्डावर खूण करून ठरलेल्या बाटल्या मिळायच्या. जास्त मागितल्या तर एकूण वेळेत दंडाचे मिनिट वाढायचे. मुक्कामाला काळ्या कापडाचे तंबू, एकेका तंबूत सात-आठ जण, खाली सतरंजी आणि सतरंजीखाली दगड.

त्यामुळे अनुभवी धावणारे घरातून निघण्याआधीच महिनोन् महिने वजन-माप करत बसतात. कोणी टूथब्रशचा दांडा अर्धा कापून टाकतात. उष्णतेनं पाय सुजतात म्हणून बूट नेहमीपेक्षा मोठ्या मापाचे घेतात. बुटात वाळू जाऊ नये म्हणून वरून कापडी खोळ शिवून घेतात. कारण या शर्यतीतून बाहेर पडणाऱ्यांत फुफ्फुसं थकलेले जितके असतात, तितकेच तळपायाला आलेल्या फोडांनी हैराण झालेलेही असतात. पिण्याचंही शास्त्र आहे. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं. नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं, डोकं गरगरतं, माणूस भ्रमात जातो आणि प्रसंगी दगावूही शकतो. तहान लागली म्हणून घटाघटा प्यायचं, हा साधा उपायही वाळवंटात विचार करूनच करावा लागतो.

शर्यतीच्या शेवटी सर्वांच्या मागून दोन उंट चालत येतात. स्थानिक उंटवाले त्यांना ठरलेल्या संथ चालीनं हाकतात. हे उंट ज्याच्या पुढे गेले, त्याची शर्यत संपली. जगातल्या एवढ्या नावाजलेल्या शर्यतीत मुदत कशानं ठरते, तर उंटाच्या पावलानं.

वाळू ओळखणारे

ही शर्यत जिंकणाऱ्यांची यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. लहसन अहनसालनं ती दहा वेळा जिंकली. त्याचा भाऊ मोहम्मदनं पाच वेळा. त्यांच्यानंतर आलेल्या रशीद अल मोराबितीनंही ती अनेक वेळा जिंकली. हे तिघेही दक्षिण मोरोक्कोतल्या झागोरा परिसरातले. अहनसाल भावंडं तर वाळवंटात जनावरं घेऊन फिरणाऱ्या भटक्या कुटुंबात जन्मली. परदेशी धावणारे महागडे बूट आणि मोजून बांधलेलं अन्न घेऊन येतात, सरावासाठी तापवलेल्या खोल्यांत पळतात. झागोऱ्याच्या पोरांना मात्र कोणत्या टेकडीच्या कोणत्या अंगाला वाळू घट्ट असते हे पायांनाच ठाऊक असतं. वारा कुठून येईल, कुठे वळसा घालणं सरळ जाण्यापेक्षा जवळचं पडेल, हे ते लहानपणी शेळ्यांमागे फिरताना शिकलेले असतात.

आणि केव्हा थांबायचं, हेही. हा धडा १९९४ मध्ये एका माणसानं फार मोठी किंमत देऊन शिकला. मावरो प्रॉस्पेरी हा इटलीचा पोलीस अधिकारी. आधुनिक पेंटॅथलॉन या खेळात ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला, पट्टीचा खेळाडू. त्या वर्षीच्या लांब टप्प्यावर तो पुढच्या फळीत होता. अचानक वाळूचं वादळ उठलं. अशा वेळी जिथे आहोत तिथेच थांबावं, हे शहाणपण. पण आपला क्रमांक जाईल या धास्तीनं तो पुढे जात राहिला. कित्येक तासांनी वादळ ओसरलं तेव्हा ना खुणा दिसत होत्या ना माणसं. जवळ अर्धी बाटली पाणी होतं.

पुढचे नऊ-दहा दिवस तो वाळवंटात भटकत होता. वाटेत त्याला एका वलीची एकाकी मजार सापडली. तिथल्या सावलीत तो पडून राहिला. वटवाघळं मारून त्यांवर त्यानं भूक भागवली, स्वतःची लघवी प्यायला. शोधासाठी आलेलं विमान डोक्यावरून गेलं, पण त्यांना तो दिसला नाही. एका रात्री सगळं संपलं असं वाटून त्यानं आपलं आयुष्य संपवण्याचाही प्रयत्न केला, पण तो वाचला. सकाळी त्याला एक सल्ला आठवला. शर्यतीआधी एका तुआरेग माणसानं सांगितला होता : वाट चुकलीच तर पहाटे क्षितिजावर दिसणाऱ्या ढगांच्या दिशेनं चाल. त्यानं आता वाळवंटाचं ऐकायचं ठरवलं. पहाटे आणि संध्याकाळी चालायचं, दुपारी सावलीत पडून राहायचं.

शेवटी त्याला शेळ्या दिसल्या आणि त्यांच्यामागे एक लहान मुलगी. त्याचा अवतार पाहून ती घाबरून पळाली आणि मोठ्या बायकांना घेऊन आली. त्यांनी त्याला सावलीत नेलं, शेळीचं दूध पाजलं. त्यांच्या कुटुंबानं त्याला लष्कराच्या ठाण्यावर पोहोचवलं, तेव्हा कळलं की तो सरहद्द ओलांडून अल्जीरियात आला आहे. मार्गापासून जवळपास तीनशे किलोमीटर दूर. वजन सोळा किलोंनी उतरलेलं. काही वर्षांनी तो याच शर्यतीत पुन्हा धावायला गेला. माणसाच्या ओढीचं काही सांगता येत नाही.

डोंगरातली थंडी

वाळवंट उन्हानं मारतं, डोंगर थंडीनं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, बाइयिन शहराजवळच्या उघड्याबोडक्या डोंगरांत शंभर किलोमीटरची शर्यत होती. एकशे बहात्तर जण धावत होते. सकाळी निघताना बहुतेकांच्या अंगावर पातळ टी-शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट जवळ असणं सक्तीचं नव्हतं. दुपारी डोंगरमाथ्याजवळ गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. एकवीस जण गारठून गेले. त्यांत चीनमधले अव्वल दर्जाचे धावणारेही होते.

त्याच डोंगरात एक मेंढपाळ होता. आभाळ फिरलं तसा तो मेंढ्या घेऊन एका गुहेत शिरला होता. अशा वेळेसाठी त्यानं तिथे सरपण आणि कपडे आधीच ठेवले होते. त्यानं गुहेबाहेर कुडकुडणाऱ्या माणसांना एकेक करून आत आणलं, एकाला तर जवळजवळ उचलूनच आणलं, शेकोटी पेटवली आणि सहा जणांचे प्राण वाचवले. सहारातली ती शेळ्यांमागची मुलगी आणि गान्सूतला हा मेंढपाळ, दोघांनीही कुठली शर्यत जिंकलेली नाही. पण ज्या जमिनीवर बाहेरची माणसं स्वतःची परीक्षा घ्यायला येतात, त्या जमिनीवर ते रोज जगतात. आभाळ पाहून मागे फिरणं म्हणजे हार नव्हे, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडे अशी परीक्षा लडाखमध्ये होते. ‘ला अल्ट्रा – द हाय’ या नावाची शर्यत डॉ. रजत चौहान यांनी २०१० मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी २२२ किलोमीटरचं अंतर होतं आणि ते पूर्ण करणारा एकच निघाला, ब्रिटनचा मार्क कॉकबेन. पुढे अंतर ३३३ आणि मग ५५५ किलोमीटरांपर्यंत गेलं. वाटेत खारदुंग ला आणि तांगलांग ला या साडेसतरा हजार फुटांच्या आसपासच्या खिंडी ओलांडाव्या लागतात. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मिळतो त्याच्या जवळपास निम्माच. दिवसा चटका, रात्री गोठवणारी थंडी, मध्येच पाऊस, मध्येच बर्फ.

पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २०१९ मध्ये हे ५५५ किलोमीटर पूर्ण केले, तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पुढे २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या काळात त्यांनी साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पूर्ण केल्या आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. एका दिवशी जोरात धावणं तरुणांना जमतं. पण उद्याही पुन्हा बेचाळीस किलोमीटर धावायचे आहेत, हे ध्यानात ठेवून आज हात राखून धावणं, यासाठी वेगळीच कमाई लागते.

अजमेरच्या सुफिया सूफी हे असंच दुसरं नाव. विमानतळावरची नोकरी सोडून ती रस्त्यावर उतरली. २०१९ मध्ये काश्मीर ते कन्याकुमारी हे चार हजारांहून अधिक किलोमीटरचं अंतर तिनं ८७ दिवसांत कापलं. मग दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि परत दिल्ली असा सुवर्ण चतुष्कोनाचा सहा हजार किलोमीटरचा फेरा १११ दिवसांच्या आत. २०२१ मध्ये मनाली ते लेह, उंच खिंडी ओलांडत, एका आठवड्याच्या आत. एका मुलीनं एकटीनं एवढं धावणं हे अनेक घरांतल्या मुलींना दिसलं, ही त्या धावण्याची खरी बरकत.

लडाखची शर्यत असो वा सहाराची, एक नियम सगळ्यांना सारखाच आहे. आधी जाऊन थांबावं लागतं. लेहला उतरल्या उतरल्या जो पळायला लागेल, तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे दिसेल. विरळ हवेची सवय व्हायला दिवस द्यावे लागतात. उन्हाचंही तसंच. दहा-पंधरा दिवस हळूहळू उन्हात वावरलं की शरीर लवकर घाम सोडायला शिकतं आणि घामातून मीठ कमी घालवायला शिकतं. शरीराचं हे शिक्षण घाईनं उरकता येत नाही.

थांबणं म्हणजे सौम

मराठीतला ‘सबुरी’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. शिर्डीच्या साईबाबांमुळे तर तो घराघरांत भिंतीवर लागला. त्याचं मूळ अरबी ‘सब्र’मध्ये आहे. सब्र म्हणजे नुसतं सोसणं, असा अर्थ आपण धरतो. पण या शब्दाचा मुळातला अर्थ आहे रोखून धरणं, आवर घालणं. रोज्याला अरबीत ‘सौम’ म्हणतात. त्याचाही जुना अर्थ थांबणं असाच. न हलता उभ्या राहिलेल्या घोड्यासाठी अरब हाच शब्द वापरत. वाळवंटातल्या माणसांच्या भाषेत सहनशक्तीचे दोन्ही मोठे शब्द पुढे धावण्याचे नाहीत, लगाम खेचण्याचे आहेत.

म्हणूनच ज्या धर्मानं रोजा फर्ज केला, त्यानंच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत दिली. त्यांनी राहिलेले रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत. या सवलतीला ‘रुखसत’ म्हणतात. पाणी जेमतेम पिण्यापुरतं असेल तर वुजूसाठी ते खर्च न करता स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करता येतं. जीव धोक्यात असेल तर रोजा सोडणं हे गुन्हा नव्हे, कर्तव्य ठरतं. हे नियम अशा मुलखात रुजले, जिथे पाण्याचा हिशेब चुकला तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

हे सगळं आपल्याकडे रमजानमध्ये धावणाऱ्या तरुणांच्या फार उपयोगाचं आहे. मित्रांच्या पैजेखातर किंवा मोबाइलवरच्या आकड्यांखातर रोज्यात भर दुपारी पळणारी पोरं दिसतात, तेव्हा त्यांच्या जिद्दीचं कौतुक करताना काळजीही वाटायला हवी. हलकं पळणं इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात बरं, कारण लगेच पाणी मिळतं. जोराचा सराव इफ्तारनंतर, जेवण जिरल्यावर. सहरीला पाणी, दही, फळं, सावकाश पचणारं धान्य असावं. आणि डोकं गरगरू लागलं, घाम अचानक बंद झाला, बोलणं अडखळू लागलं, तर तिथेच थांबायचं, सावलीत जायचं आणि पाणी घ्यायचं. तो रोजा नंतर ठेवता येतो. हेच उपवास करून डोंगर चढणाऱ्यांना आणि ऐन उन्हात पदयात्रेला निघणाऱ्यांनाही लागू आहे.

वर्सोव्याला हा धडा शिकायला सहारापर्यंत जायची गरज नाही. कोळीवाडा तो पिढ्यान् पिढ्या जगत आला आहे. १ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात. समुद्र समोरच असतो आणि पोटही हातावर असतं. तरीही पावसाळ्याचे किमान दोन महिने दर्या सोडून द्यायचा, कारण तो तेव्हा खवळलेला असतो आणि मासळी अंड्यावर असते. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच कोळी बांधव दर्याला पुन्हा हाक देतात. त्या दोन महिन्यांत कोणी त्यांना भित्रे म्हणत नाही. दर्यावर आयुष्य काढायचं तर दर्यासमोर कधी थांबायचं, हे आधी शिकावं लागतं.

सूर्य मढच्या बाजूला समुद्रात बुडतो. चौपाटीवरचे रोजेदार एव्हाना पळायचे थांबलेले असतात. कट्ट्यावर कोणी डबा उघडतं, कोणी खजुराची पुडी पुढे करतं. शेजारी व्यायाम करून बसलेल्या, रोजा नसलेल्या माणसापुढेही ती पुडी जाते आणि तो एक खजूर उचलून हातातच धरून ठेवतो. मशिदीतून मगरिबची अजान येते. मग सगळे एकदमच खातात. पाण्याची बाटली एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि प्रत्येक जण मागच्यासाठी घोटभर शिल्लक ठेवून ती पुढे देतो.